चार नद्यांचा मुलूख : शिरोळ परिसराचा भूगोल आणि इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेल्या शिरोळ तालुक्याचा स्वतःचा पाऊस बेताचाच आहे. तरीही पाण्याच्या बाबतीत इतका संपन्न आणि इतका संकटग्रस्त असा दुसरा मुलूख दक्षिण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. याचे कारण सह्याद्रीत आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा उत्तरेकडून येते. हरिपूरजवळ वारणा तिला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा नृसिंहवाडीस तिच्यात विलीन होते आणि दक्षिणेच्या अंगाने दत्तवाडच्या शिवाराजवळून दूधगंगा वाहते. भूमीला उतार अत्यल्प असल्याने नद्या येथे धावत नाहीत, वळणे घेत रेंगाळतात. कृष्णा भरून वाहू लागली की पंचगंगेचे पाणी तुंबते आणि फुगवटा मागे सरकत जातो. गगनबावड्यास कोसळलेला पाऊस शिरोळच्या उंबऱ्याशी येतो तो असा.

याच पाण्याने शतकानुशतके गाळ आणून ही काळी कसदार भूमी घडविली. पूर्वजांनी काळी आणि पांढरी यांतील भेद काटेकोर जपला होता. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. आणि पांढरी शक्यतो उंचवट्यावर. नदीने पावसाळ्यात काळीत यावे, यात कोणास वावगे वाटत नसे. नृसिंहवाडीस दत्तपादुकांवरून जाऊन दक्षिण दाराने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तर 'दक्षिणद्वार सोहळा' होतो.

बाराव्या शतकात या प्रदेशावर शिलाहारांची सत्ता होती. हे राजे महालक्ष्मीचे भक्त असले तरी जैन बसदींना त्यांचा उदार आश्रय होता. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली. खिद्रापूर येथे, कृष्णेच्या अगदी काठावर, कोपेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचे ४८ स्तंभ आणि वर्तुळाकार मोकळे छत पाहण्यास दूरदूरचे अभ्यासक येतात. परंतु त्याच गावातील प्राचीन आदिनाथ मंदिराकडे त्यांतील थोड्यांचेच पाय वळतात, ही खंत येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य संपले.

देशभर व्यापारी म्हणून ओळखला जाणारा जैन समाज या नदीकाठी मुख्यतः शेतकरी आहे. पाटील, चौगुले ही आडनावेच गावगाड्यातील त्याचे स्थान सांगतात. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज (जन्म १८७२) हेही अशाच शेतकरी घरातले. त्यांचे भोज हे गाव, जे आज कर्नाटकात आहे, वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावर वसलेले आहे. तरुणपणी सातगौडा मुनींना खांद्यावर घेऊन नदीपार करीत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

पुढे कुरुंदवाड ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी झाली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि व्यापाराचे केंद्र नदीकडून लोहमार्गाकडे सरकले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या मार्गालगत, आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावे, जयसिंगपूर हे आखीव रस्त्यांचे गाव वसविले. नदीपासून अंतर राखून पेठ वसविण्यातील दूरदृष्टी पुढील काळात सर्वत्र टिकली नाही.

खरा पालट उसाने घडविला. उपसा योजना आल्या, बारमाही पाणी मिळाले, साखर कारखाने उभे राहिले, कौलारू घरांच्या जागी बंगले आले. पण काळ्या जमिनीला पाण्याचा निचरा लागतो. पाणी मुरत राहिले, क्षार वर आले आणि पिढ्यान् पिढ्या पिकणारी हजारो एकर जमीन पांढरी पडली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र नळ्या जमिनीत पुरून क्षारयुक्त पाणी बाहेर काढण्याचे काम अनेक गावांत झाले. तेथे पुन्हा ऊस उभा राहिलेला पाहावयास मिळतो. मात्र हे काम खर्चिक असून एकट्याच्या शेतात भागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून निचऱ्याला वाट मिळावी लागते.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी काळी-पांढरीचा तो जुना भेद पुसून टाकला. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. गावेच्या गावे जनावरांसह बाहेर काढावी लागली. कर्नाटकातील अलमट्टी धरणावर दोष ठेवला गेला. राज्य शासनाच्या वडनेरे समितीने मात्र २०२० मध्ये अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिल्यापासून नदीकाठची चिंता वाढली आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु जेथे पूर्वी केवळ गवत आणि वांग्यांची मळी असे, तेथे घरे कोणी बांधू दिली, हा प्रश्न विचारावयास अलमट्टीपर्यंत जावे लागत नाही.