तुळिंजचा जिल्हा आणि विकिडेटाचे कोठार

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला उतरले की तुळिंज रोड लागतो. या तुळिंजचा जिल्हा कोणता, असे कागदपत्रांना विचारले तर उत्तर कागदाच्या तारखेवर ठरते. ३१ जुलै २०१४ पर्यंतचा सातबारा किंवा खरेदीखत ठाणे जिल्ह्याचे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासूनचे पालघरचे. त्याआधी ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. तुळिंज पोलीस ठाणे २०२० च्या ऑक्टोबरपासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली गेले. तालुका तेवढा वसईच राहिला. दस्तलेखकाला यात काही अडचण वाटत नाही. ‘पूर्वीचा जिल्हा ठाणे, सध्याचा पालघर’ असे लिहून तो मोकळा होतो.

संगणकाला मात्र हेच एक वाक्य महागात पडते. सिमँटिक वेबच्या, म्हणजे माहिती यंत्राला वाचता येईल अशी मांडण्याच्या, पद्धतीत प्रत्येक माहिती तीन पदांत मांडायची असते: तुळिंज, जिल्हा, ठाणे. याला ट्रिपल म्हणतात. या तीन पदांत तारखेला जागाच नाही. ती जागा कशी करायची आणि असे अब्जावधी ट्रिपल कोणत्या डेटाबेसात ठेवायचे, या दोन निर्णयांचा हा वृत्तान्त आहे. तो विकिडेटाचा, म्हणजे विकिपीडियाला माहिती पुरवणाऱ्या मुक्त डेटाबेसाचा आहे, कारण या निर्णयांची कागदपत्रे इतक्या उघडपणे जपलेला दुसरा एवढा मोठा प्रकल्प नाही. त्या वेळच्या कामाच्या नोंदी, डेटाबेसांच्या तुलनेचा तक्ता, २०१४ आणि २०१८ चे शोधनिबंध आणि २०२२ चा पर्यायांचा अहवाल हा मुख्य आधार. यातले शोधनिबंध काम करणाऱ्यांनीच काम झाल्यावर लिहिलेले आहेत. त्यात निवड जरा जास्तच सरळ रेषेत झालेली दिसते. म्हणून जिथे निबंध आणि नोंदी या दोहोंत फरक वाटला, तिथे त्या-त्या दिवशीची नोंद मी अधिक प्रमाण मानली आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे मार्कुस क्रोत्झ आणि डेनी व्रान्देचिच यांनी २००५ मध्ये सिमँटिक मीडियाविकी हे सॉफ्टवेअर सुरू केले. विकीच्या पानावरच्या मजकुरातच नाती लिहायची आणि ती नेहमीच्या एसक्यूएल डेटाबेसात साठवायची, ही त्याची रीत. त्याच्या साठवणीचीही पुढे फेरमांडणी झाली. २०१२ अखेरच्या १.८ आवृत्तीत ‘एसक्यूएल स्टोअर ३’ आले आणि जुन्या विकी चालवणाऱ्यांना आपला सगळा डेटा नव्या तक्त्यांत पुन्हा भरून घ्यावा लागला. याच मंडळींच्या विचारातून पुढे विकिडेटा निघाले. ते २९ ऑक्टोबर २०१२ ला खुले झाले. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याला ६ मार्च २०१३ ला जोडला गेला. तोवर एखाद्या गावाच्या लेखाखाली इतर भाषांतल्या लेखांचे दुवे प्रत्येक भाषेत वेगवेगळे लिहून ठेवावे लागत.

आता तारखेचा प्रश्न. विकिडेटाने त्यावर काढलेला तोडगा २०१४ च्या शोधनिबंधात नीट मांडलेला आहे. तुळिंज थेट ठाण्याला जोडायचे नाही. मध्ये ‘विधान’ नावाची एक गाठ ठेवायची. तुळिंजकडून विधानाकडे एक ट्रिपल. विधानाकडून ठाणे जिल्ह्याकडे दुसरे. हे नाते तिथे पी१३१ या क्रमांकाने ओळखले जाते. विधानाची समाप्ती, म्हणजे पी५८२, ३१ जुलै २०१४, हे तिसरे. विधानाचा दर्जा काय, म्हणजे पालघरचे विधान त्याच्या वर मानायचे की नाही, हे चौथे. आणि तारीख ही पुन्हा स्वतंत्र गाठ: तिचे मूल्य, अचूकता दिवसापर्यंत की वर्षापर्यंत, कालक्षेत्र आणि कालगणना कोणती. दस्तलेखकाची अर्धी ओळ अशी दहाच्या आसपास ट्रिपल खाते. क्वेरीच्या, म्हणजे प्रश्न विचारण्याच्या, डेटाबेसात भरताना ‘हे एक विधान आहे’ असे सांगणारे ट्रिपल गाळले जातात, यावरून जागेची ओढाताण किती होती ते कळते.

इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. मूळ नोंदी ट्रिपलांच्या या जाळ्यात, म्हणजे ग्राफमध्ये, राहतच नाहीत. त्या मारियाडीबी या साध्या डेटाबेसात, जेसनच्या साच्यात असतात. ग्राफ ही प्रश्न विचारण्यासाठी काढलेली दुसरी प्रत. कोठार बदलले, कोसळले, तरी मूळ शाबूत. पुढे जे घडले त्यात हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला, असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रतीसाठी कोठार शोधण्याचे काम २०१४ च्या उत्तरार्धात विकिडेटा चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने हाती घेतले. पहिली पसंती होती टायटन. हा ऑरेलियस या छोट्या कंपनीचा ग्राफ डेटाबेस. तो कॅसँड्रा या डेटाबेसावर चालत असे, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवता येत असे. त्याची क्वेरी-भाषा ग्रेम्लिन. त्यावर प्रत्यक्ष काम सुरूही झाले होते. ३ फेब्रुवारी २०१५ ला डेटास्टॅक्स या कंपनीने ऑरेलियस विकत घेतली. टायटनचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि विकिडेटाच्या चमूने सगळी तुलना पुन्हा मांडली. तारखांचा हा क्रम बोलका आहे. टायटन वेगात कमी पडला म्हणून बाजूला झाला असे नाही. त्याचा धनी बदलला म्हणून झाला.

नव्या तक्त्यात बरेच उमेदवार होते. व्हर्चुओसो वेगवान, पण अनेक सर्व्हरांवर पसरण्याची सोय फक्त विकतच्या आवृत्तीत. निओ४जेचेही तसेच. विकिमीडियाचा दंडक असा की जे वापरायचे ते पूर्णपणे मुक्त स्रोत हवे. मार्च २०१५ पर्यंत निवड ब्लेझग्राफवर स्थिरावली. वॉशिंग्टनच्या सिस्टॅप कंपनीचा हा डेटाबेस आधी ‘बिगडेटा’ नावाने ओळखला जाई. जावात लिहिलेला, जीपीएल परवान्याचा, स्पार्क्ल ही मान्यताप्राप्त क्वेरी-भाषा बोलणारा. एका यंत्रावर ५० अब्ज ट्रिपल मावतील, अशी त्याची जाहिरात होती. सप्टेंबर २०१५ मध्ये विकिडेटाची क्वेरी सेवा लोकांसाठी खुली झाली.

या निवडीतला एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही. विधानाविषयीचे विधान थेट साठवण्याची खास युक्ती ब्लेझग्राफमध्ये होती. म्हणजे तुळिंजच्या तारखेवर तयार औषध. विकिडेटाने ते घेतले नाही. सरळ, प्रमाणित ट्रिपलची लांबण पत्करली. त्यामुळे जागा जास्त गेली, पण डेटा एका कंपनीच्या युक्तीत अडकला नाही. मात्र हीच सावधगिरी सगळीकडे पाळली गेली नाही. क्वेरीचे उत्तर मराठीत हवे असेल तर ‘मराठी नसेल तर इंग्रजी’ असे सांगणारी लेबल-सेवेची एक ओळ घालतात. नालासोपाऱ्याच्या पाच किलोमीटरच्या आतली ठिकाणे काढायला तशीच दुसरी सेवा आहे. या दोन्ही प्रमाणित स्पार्क्लमध्ये नाहीत. त्या ब्लेझग्राफवर खास चढवलेल्या आहेत. मराठी वापरणाऱ्याला जी ओळ जवळपास प्रत्येक क्वेरीत लागते, तीच दुसऱ्या कोठारात नेणे सर्वांत अवघड. घरभाड्याचा करार वर्षाचा आणि कपाटे मात्र भिंतीत बांधलेली, असा हा प्रकार.

सेवा चालली, आणि उदंड चालली. स्टानिस्लाव मालिशेव आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या निबंधानुसार महिन्याला १० कोटींच्या वर क्वेरी येत होत्या. पण तोवर पायाखालची वाळू सरकलेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲमेझॉनने नेपच्यून हा आपला ग्राफ डेटाबेस जाहीर केला, मे २०१८ मध्ये तो सर्वांना खुला केला, आणि ब्लेझग्राफची माणसे तिकडे गेली. ब्लेझग्राफचा कोड मुक्तच राहिला, पण त्यावर काम करणारे उरले नाहीत. ज्या कारणासाठी टायटन सोडला, तेच कारण तीन वर्षांत नव्या कोठाराला येऊन चिकटले. त्यात टायटनचा कोड घेऊन २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जानुसग्राफ उभा राहिला आणि तो टिकला. ब्लेझग्राफला असा वारस मिळाला नाही. अर्थात २०१५ च्या चमूला यासाठी दोष देता येत नाही. त्यांच्यापुढच्या तक्त्यात परवाना होता, वेग होता, वाटप होते. विकत घेतली जाण्याच्या शक्यतेला गुण कसे द्यायचे?

पुढची वर्षे डागडुजीची. प्रत्येक सर्व्हरवर संपूर्ण ग्राफची अखंड प्रत ठेवायची, हीच रीत असल्याने सर्व्हर वाढवून क्वेरी वाटल्या जात, डेटा नाही. ६० सेकंदांत उत्तर आले नाही तर क्वेरी तोडली जाई. ऑक्टोबर २०२१ मध्ये बदल भरण्याची नवी यंत्रणा अपाचे फ्लिंकवर आली आणि ताजी माहिती पोहोचायला लागणारा उशीर घटला. मार्च २०२२ च्या अहवालात पर्याय चारांवर आले: अपाचे जेना, क्यूलेव्हर, आरडीएफ४जे आणि पुन्हा व्हर्चुओसो. फ्रायबुर्ग विद्यापीठातला क्यूलेव्हर वेगाला जबर, पण चालू डेटात बदल करणे तेव्हा त्याला जमत नव्हते.

ग्राफ १६ अब्ज ट्रिपलच्या आसपास गेला, तेव्हा सगळा डेटा नव्याने भरायला आठवड्यांमागून आठवडे लागू लागले. जाहिरातीतल्या ५० अब्जांचा हा जेमतेम तिसरा हिस्सा. कोठारात किती मावते हा आकडा छापील असतो. ते किती दिवसांत पुन्हा भरता येते, हा आकडा कोणी छापत नाही. निवड करताना दुसरा आकडा आधी विचारायला हवा, एवढे तरी या कागदपत्रांवरून नि:शंक म्हणता येते.

शेवटी कोठार न बदलता डेटाच दुभंगला. एकूण ट्रिपलांत जवळपास निम्मे शोधनिबंधांच्या नोंदींचे होते. ते वेगळ्या ग्राफमध्ये काढले गेले आणि मे २०२५ पासून मुख्य क्वेरी सेवा उरलेल्या अर्ध्यावर चालू लागली. तुळिंज, नालासोपारा, वसई तालुका, ठाणे आणि पालघर हे दोन्ही जिल्हे ही ठिकाणे या मुख्य अर्ध्यात मोडतात. त्यांच्यापुरत्या जुन्या क्वेरी तशाच चालतात. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपावरचे शोधनिबंध आणि सोपारा हे ठिकाण एकाच उत्तरात हवे असेल, तर मात्र क्वेरीत दुसऱ्या ग्राफला हाक मारणारी एक जादा ओळ घालावी लागते.