‘डिस्को दिवाने’ : एका शीर्षकाचा आणि एका तबकडीचा इतिहास

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. पाश्चात्त्य इतिहासकार डिस्कोच्या ऱ्हासाची खूण म्हणून या घटनेकडे बोट दाखवतात. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९८१ साली, नाझिया हसन आणि झोहेब हसन या कराचीत जन्मलेल्या बहीणभावंडांचा ‘डिस्को दिवाने’ हा पहिला संग्रह बाजारात आला, आणि भारत-पाकिस्तानात डिस्कोचे युग सुरू झाले. ‘आपल्याकडे सगळे उशिरा आले’ एवढे म्हणून ही विसंगती निकालात काढता येणार नाही. तिकडे शिळा झालेला एक प्रकार इकडे नव्या अर्थाने रुजला. तो का रुजला, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका परिचित आहे. फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे. त्यातील ‘आप जैसा कोई’ हे एक गीत मात्र बिद्दू यांनी संगीतबद्ध केले. बिद्दू मूळचे बंगळुरूचे. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले आणि कार्ल डग्लस यांनी गायलेल्या ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) या गीताचे निर्माते म्हणून त्यांनी तिथे नाव कमावले. इंदीवर यांचे शब्द, पडद्यावर झीनत अमान आणि आवाज जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझियाचा. या गीतासाठी तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या स्वरांनी घडलेल्या कानांना हा किंचित अनुनासिक, तानामुरक्यांपासून अलिप्त आवाज परका वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्या परकेपणाचीच भुरळ पडली.

‘डिस्को दिवाने’ने पुढचे पाऊल टाकले. गीत होते, पण चित्रपट नव्हता. नायिका नव्हती, प्रसंग नव्हता. चित्रपटबाह्य गीत आपल्याकडे याआधी नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. मराठी वाचकाला तर हे सांगण्याची गरजच नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली, तेव्हापासून भावगीत तबकडीच्याच आधाराने घरोघर पोहोचले होते. गझल आणि भजन यांचीही तीच वाट. ‘भारतातील पहिला चित्रपटबाह्य संग्रह’ ही या संग्रहाविषयी केली जाणारी विधाने म्हणूनच तपासून घ्यावी लागतात. वेगळेपण अन्यत्र आहे. भावगीतात कविता आधी असते. चाल तिचा अर्थ उलगडते आणि गायक त्या अर्थाचा वाहक ठरतो. इथे आधी ठेका येतो. बहुपथ ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने वाद्यांचा पट आधी विणला जातो, आवाज त्यावर नंतर बसवला जातो, प्रसंगी एकावर एक असा दुहेरी. मुंबईच्या स्टुडिओंत वादक आणि गायक बहुधा एकत्रच ध्वनिमुद्रण करीत, त्या काळात ही कार्यपद्धतीच निराळी होती. या गीतांचे गीतकार कोण, हे चटकन सांगू शकणारा रसिक विरळा. निर्मात्याचे नाव मात्र सर्वांना ठाऊक असते. गीताचा ‘कर्ता’ कोण, या प्रश्नाचे उत्तरच येथे बदलले.

तरीही या संग्रहाला शब्दांचा इतिहास नाही असे नाही. तो शीर्षकातच दडला आहे. ‘डिस्को’चे मूळ फ्रेंच ‘डिस्कोथेक’मध्ये, ग्रंथालयाला असलेल्या ‘बिब्लिओथेक’ या शब्दाच्या धर्तीवर घडलेला हा शब्द, अर्थ तबकड्यांचे भांडार. ‘दिवाना’ फारसीतला. ‘देव’ म्हणजे दैत्य, आणि त्याने झपाटलेला तो दिवाना. गझलेच्या परंपरेत हा मजनूचा वारस असतो. तो एकटा असतो, वाळवंटात भटकतो आणि समाजाने दगड मारावेत असे त्याचे प्राक्तन असते. ‘डिस्को दिवाने’ या जोडशब्दात तो वाळवंटातून नृत्याच्या फरशीवर येतो आणि एकवचनातून अनेकवचनात जातो. विरहाचे वेड उत्सवाचे वेड होते. सवंगपणा म्हणून याची हेटाळणी झाली. परंतु परंपरेतील एका प्रतिमेचे हे स्थलांतर समजून न घेता केलेली हेटाळणी ही टीका नव्हे.

या उत्सवाला राजकीय पार्श्वभूमीही होती. पाकिस्तानात १९७७ पासून जनरल झिया यांची लष्करी राजवट होती. दूरचित्रवाणीवर स्त्रियांनी कसे दिसावे यावर निर्बंध होते. १९६५ च्या युद्धापासून भारतीय चित्रपटांच्या प्रदर्शनाला तिथे बंदी होती. अशा वेळी लंडनमध्ये वाढलेली पाकिस्तानी मुले, कर्नाटकातून गेलेला संगीतकार आणि एचएमव्हीची तबकडी यांच्या संयोगातून दोन्ही देशांतले तरुण एकाच वेळी एकच गीत ऐकू लागले. पडद्याला सीमेवर अडवता येते, हातात मावणाऱ्या कॅसेटला अडवणे कठीण. या संग्रहाच्या यशाचे मोजमाप विक्रीच्या आकड्यांपेक्षा इथे करावे लागते.

परिणाम झपाट्याने दिसले. १९८२ मध्ये ‘स्टार’ चित्रपटासाठी हेच त्रिकूट पुन्हा एकत्र आले. त्याच वर्षी बप्पी लाहिरी यांच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि चित्रपटसृष्टीने ही नवी भाषा आत्मसात केली. किंबहुना गिळंकृत केली. स्वतंत्र पॉप संगीताला हिंदीत स्थिर जागा मिळायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’मागे पुन्हा बिद्दूच होते, हा योगायोग नव्हे.

एक अन्याय मात्र नोंदवायला हवा. हा संग्रह दोघा भावंडांचा. झोहेब त्यात गायक होता आणि संगीतरचनेतही त्याचा वाटा होता. लोकस्मृतीत मात्र उरली ती एकटी नाझिया. १३ ऑगस्ट २००० रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने तिचे निधन झाले आणि ती स्मृती दंतकथेत गोठली. २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात ते जुने गीत तिच्या आवाजासह नव्याने अवतरले. ज्या चित्रपटापासून गीत मुक्त झाले होते, त्याच्याच आश्रयाला ते परतले. आपल्या लोकप्रिय संस्कृतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या वर्तुळाचा विचार करावा: गीताला स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची मुभा आपण नेमकी किती काळ देतो?