झोपलेल्या चिपचं घड्याळ

क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंना 1880 साली आढळलं. बेल प्रयोगशाळेत 1927 मध्ये त्यावर घड्याळ चाललं. 1969च्या नाताळात सेइकोनं ते मनगटावर आणलं. पुढं सेकंदाला 32,768 कंपनं रूढ झाली. ती पंधरा वेळा निम्मी केली, की उरतो नेमका एक ठोका.

आज तोच स्फटिक बिनतारी चिपशेजारी बसतो. चिप बहुतेक वेळ झोपते, ठरल्या क्षणी उठून संदेश ऐकते. स्फटिकाची चूक दिवसाला सुमारे दोन सेकंद. तो वगळून चिपमधल्याच साध्या दोलकावर भागवलं, तर पैसे वाचतात. पण ब्लूटूथमध्ये दिवसाला 43 सेकंदांपर्यंतची चूक गृहीत धरावी लागते. मग संदेश हुकू नये म्हणून चिप आधीच उठून बसते. वाचवलेले पैसे असे बॅटरीच्या जागरणात जातात. निवांत झोपायचं, तर घड्याळ भरवशाचं हवं.