लिहून उभारलेली यंत्रे

दहावीच्या वर्गशिक्षकांना 16 जुलै 2021 ही तारीख आठवत असेल. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. मूल्यमापनावर आधारलेला निकाल दुपारी 1 वाजता संकेतस्थळांवर मिळणार होता. एक वाजला आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली. राज्यातले 15 लाखांहून अधिक विद्यार्थी व त्यांचे पालक काही तास पडद्याकडे पाहत बसले.

या प्रसंगामागे एक जुना प्रश्न आहे. वर्षातल्या एका दुपारी लाखो लोक एकदम दारात येतात, उरलेले दिवस दाराशी फारसे कोणी नसते. मग यंत्रे किती घ्यायची? त्या एका दुपारच्या हिशेबाने घेतली, तर ती वर्षभर पडून राहतात. एरवीच्या हिशेबाने घेतली, तर निकालाच्या दिवशी ती कोलमडतात. या पेचावर संगणकशास्त्राने दोन कल्पना पुढे आणल्या. यंत्र विकत न घेता फक्त काम सोपवायचे, ही पहिली. यंत्रांची मांडणी हाताने न करता लिहून करायची, ही दुसरी. या दोन कल्पना कशा वाढल्या आणि त्यांची वाट पनवेलपर्यंत कशी आली, ते आपण पाहू.

पत्त्यांचा गठ्ठा

पहिली कल्पना वाटते तितकी नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय बनावटीचा ‘टिफ्रॅक’ संगणक 1960 साली काम करू लागला. पुढे 1964 मध्ये तेथे ‘सीडीसी 3600’ हा मोठा संगणक आला आणि इतर संस्थांतील संशोधकही आपली गणिते त्याच्यावर सोडवू लागले. संशोधक आपली आज्ञावली भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवी आणि गठ्ठा खिडकीत देई. आरंभीच्या पत्त्यांवर काम कोणाचे आणि त्याला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा, हे नोंदलेले असे. यंत्राची देखभाल, वीज, गारवा या चिंता त्याच्या नव्हत्या. तो छापील उत्तर घेऊन परत जाई.

यंत्र दुसऱ्याचे, काम आपले, असा हा व्यवहार होता. जॉन मॅकार्थी यांनी तर 1961 मध्येच असे सुचवले होते, की टेलिफोनप्रमाणे गणनशक्तीही पुढे सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल.

मधल्या काळात मात्र उलटे घडले. संगणक लहान व स्वस्त झाले आणि जो तो स्वतःचे यंत्र बाळगू लागला. संकेतस्थळे आली तशी प्रत्येक संस्थेच्या कोपऱ्यातल्या खोलीत घरघरणारे सर्व्हर आले. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या ऐकून उत्तर देणारा संगणक. तो बंद पडला की अपरात्री धावणारा माणूसही त्याच्यासोबत आलाच.

मॅकार्थींची कल्पना 2006 मध्ये बाजारात उतरली. ॲमेझॉन कंपनीने आपल्या केंद्रांतील संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. यालाच लोक ‘क्लाऊड’ म्हणू लागले. तरीही भाडेकरूला यंत्र निवडावे लागे, चालू ठेवावे लागे, आणि काम नसतानाही भाडे भरावे लागे. नोव्हेंबर 2014 मध्ये त्याच कंपनीने ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली आणि ही अडचणही दूर केली. आता द्यायचे ते फक्त एक छोटे कार्य, म्हणजे फंक्शन: ‘आसनक्रमांक आला की गुण शोधून परत पाठव.’ मागणी आली की ते जागे होते, उत्तर देते आणि थांबते. एकदम हजार मागण्या आल्या, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याच कार्याच्या अनेक प्रती एकाच वेळी चालतात. कोणी आलेच नाही, तर कार्य चालवल्याचे बिलही येत नाही. अर्थात बराच वेळ निजलेल्या कार्याला पहिल्या मागणीच्या वेळी उठायला थोडा उशीर लागतो, आणि त्याच्या मागचे माहितीचे कोठार अपुरे असेल, तर नुसत्या प्रती वाढवून गर्दी निभावत नाही.

या पद्धतीला ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. नाव फसवे आहे. सर्व्हर असतोच, आपल्याला तो सांभाळावा लागत नाही इतकेच. पत्त्यांचा गठ्ठा पुन्हा खिडकीत आला, असे म्हटले तरी चालेल. कार्य देताना त्याला किती स्मृती लागेल आणि ते जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायचे, हे आजही आधी सांगावे लागते.

पाच बाकांची गोष्ट

आता दुसरी कल्पना. ती समजायला वर्गातले उदाहरण घेऊ. आपण शिपाईमामांना सांगितले, ‘वर्गात पाच बाके आणा.’ ते घेऊन आले. तासाभराने दुसऱ्या शिक्षकांनीही तेच सांगितले. आता वर्गात दहा बाके झाली. याउलट फळ्यावर लिहून ठेवले, ‘या वर्गात पाच बाके असावीत,’ तर? मामा येतील, मोजतील, तीन असतील तर दोन आणतील, सात असतील तर दोन नेतील, आणि पाच असतील तर तसेच परत जातील. सूचना कितीही वेळा वाचली तरी परिणाम तोच.

पहिल्या प्रकारात आपण कृती सांगतो, दुसऱ्यात हवी ती स्थिती. ओस्लोमध्ये काम करणारे मार्क बर्जेस मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी 1993 मध्ये ‘सीएफइंजिन’ ही आज्ञावली तयार केली आणि अनेक संगणक सांभाळण्यासाठी हाच विचार वापरला. यंत्र कसे असावे हे लिहून ठेवा. आज्ञावली त्याला पुन्हा पुन्हा त्या स्थितीकडे आणत राहील. क्लाऊड आल्यावर ही कल्पना फोफावली, कारण आता खुद्द यंत्रच एका आज्ञेने मागवता येत होते. ॲमेझॉनने 2011 मध्ये ‘क्लाऊडफॉर्मेशन’ आणले. निरनिराळ्या कंपन्यांच्या क्लाऊडवर चालणारे ‘टेराफॉर्म’ 2014 मध्ये आले. यंत्रांची सगळी मांडणी मजकुराच्या फायलीत लिहायची, या पद्धतीला ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ म्हणतात.

वर सांगितलेले गुण शोधणारे कार्य उभारायचे असेल, तर फायलीत साधारण इतके येते: कार्याचे नाव, त्याची भाषा, स्मृती, वेळेची मर्यादा, कोणत्या घटनेने ते जागे व्हावे, आणि कोणती माहिती वाचण्याची त्याला परवानगी आहे. मग साधन आधी आराखडा दाखवते: काय नवे होईल, काय बदलेल, काय पुसले जाईल. माणसाने तो वाचून होकार दिला, की प्रत्यक्ष उभारणी होते. काय उभारले आहे याची नोंद टेराफॉर्म वेगळी ठेवते. पुढच्या वेळी लिहिलेले, नोंदलेले आणि प्रत्यक्ष असलेले यांची तुलना करून फक्त फरक भरून काढला जातो.

आठवा सर्व्हर

हाताने केले तर काय बिघडते? याचे उत्तर अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअरदलाली कंपनीने दिले. या कंपनीने 2012 च्या जुलैअखेर आपली नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवायला घेतली. काम हाताने चालले होते. सातांवर ती चढली, आठव्यावर राहून गेली. दुसऱ्या कोणी तपासले नाही, आणि तपासावे असा लेखी नियमही नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर बरीच वर्षे न वापरलेली जुनी आज्ञावली पडून होती. बाजार 1 ऑगस्टला उघडताच ती जागी झाली आणि भलत्या मागण्या सोडत सुटली. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

एका माणसाची चूक म्हणून हे सोडून देता येणार नाही. आठ खोल्यांत आठ वेळा तेच काम करताना एखादी खोली राहतेच. ‘आठही सर्व्हरांवर हीच आवृत्ती असावी,’ असे लिहिलेले असते आणि ते तपासणारे साधन असते, तर उणीव तुलनेतच दिसली असती.

पण लिहिले म्हणजे सुटलो, असेही नाही. फायलीत चूक असेल, तर ती तितक्याच वेगाने सर्व यंत्रांवर पोचते. आराखड्यातली ‘पुसले जाईल’ ही ओळ न वाचता होकार दिला, तर माहितीचे अख्खे कोठार जाऊ शकते. घाईत कोणी थेट यंत्रावर हाताने बदल केला, की कागद एक सांगतो आणि यंत्र दुसरे करते. फायलीत गुप्त संकेतशब्द लिहून ठेवणे म्हणजे तर दाराला कुलूप घालून किल्ली तिथेच टांगणे.

आणि पनवेल

हे सगळे चालते कोठे? ॲमेझॉनने आपला मुंबई विभाग जून 2016 मध्ये सुरू केला. त्याआधी 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टची क्लाऊड सेवा पुण्यातून सुरू झाली होती. जुलै 2020 मध्ये पनवेलजवळ योट्टा कंपनीच्या ‘एनएम 1’ या डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. एकाच इमारतीत 7,200 रॅक, म्हणजे संगणक रचण्याची कपाटे, आणि सुमारे 50 मेगावॉट विजेची क्षमता, अशी त्याची आखणी आहे.

50 मेगावॉट म्हणजे किती? 10 वॉटचे 50 लाख दिवे एकाच वेळी लावण्याइतकी वीज. संगणकात गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते, म्हणून ती उष्णता बाहेर काढायलाही आणखी वीज लागते. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. मुंबईपासून जवळ, पुण्याच्या रस्त्यावर आणि मोठ्या इमारतीला जागा देणारे पनवेल अशा केंद्राला सोयीचे आहे. ‘क्लाऊड’ या शब्दाने डोळ्यांपुढे ढग येतो. प्रत्यक्षात तिथे सिमेंट, तांबे, डिझेलची जनित्रे आणि रात्रपाळीची माणसे असतात.

विद्यार्थ्यांना हा विषय सांगताना नव्या शब्दांची यादी देऊ नये, असे आम्हांला वाटते. त्यांच्या प्रयोगवहीपासून सुरुवात करावी. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, या क्रमाने आपण त्यांना का लिहायला लावतो? दुसऱ्या कोणीही ती वही उघडून तोच प्रयोग करावा आणि त्याला तेच उत्तर मिळावे म्हणून. मांडणी एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो रजेवर गेल्यावर प्रयोगशाळा अडते. ती वहीत असेल, तर कोणालाही वाचता येते आणि तिच्यातली चूक दाखवता येते. यंत्रे सांभाळणाऱ्यांना हे उमगायला बरीच वर्षे आणि बरेच पैसे लागले. आपल्या मुलांना ते आठवीच्या प्रयोगशाळेतच शिकता येईल.