थांबण्याचा इतिहास : शेंद्र्याची ऑक्टाव्हिया आणि परवडणारे ब्रेक

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, एका खरेदीमुळे देशभर गाजले. शहरातील उद्योजक आणि व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांनी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा घेतल्या. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आजच्या धाग्याचा विषय त्यानंतरचा आहे. वेगवान गाडी जुनी होते, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते, आणि एके दिवशी तिच्या ब्रेकच्या डिस्क झिजून संपतात. तेव्हा काय?

हा प्रश्न या शहराला अधिकच लागू पडतो, कारण अशा गाड्यांचे माहेर जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आहे. स्कोडाने २००१ मध्ये येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. २००७ पासून तेथेच ऑडीही जुळू लागली. २००४ मध्ये ऑक्टाव्हियाचे ‘आरएस’ हे रूप भारतात विक्रीस आले. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर हा आकडा दबदब्याचा होता. आज तीच गाडी एखाद्या तरुणाला पगाराच्या हप्त्यांत परवडू शकते. मेख अशी की गाडीची किंमत वयानुसार उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. गाडी जुन्या बाजाराच्या भावाने मिळते आणि डिस्क मात्र तिच्या मूळ खानदानाच्या भावाने.

मग मालक स्वस्ताच्या शोधात निघतो. हा शोध समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल.

सन १८९७. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाच्या नजरेस एक गोष्ट आली. डोंगरउतारावर गाड्या हाकणारे शेतकरी लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचे तुकडे ठोकत होते. लाकडापेक्षा ते चाकाला अधिक घट्ट धरत. फ्रूडने त्यावरून घर्षणासाठी खास अस्तर बनवण्याचा उद्योग उभारला. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावातील अक्षरांची उलटापालट करून, त्यात एक अक्षर घालून तयार झाले. आपण गॅरेजमध्ये ज्याला ‘लायनर’ म्हणतो, त्या वस्तूचा कुळवृत्तांत असा फाटक्या बुटापाशी जाऊन थांबतो. परवडणाऱ्या ब्रेकचा शोध गरीब गाडीवानांनीच प्रथम घेतला होता, हे मला फार आवडते.

डिस्कचा जन्म थोडा नंतरचा. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण त्याचे पॅड तांब्याचे होते. ते इतके किंचाळत की कल्पना चांगली असूनही मागे पडली. पुढची पन्नास वर्षे मोटारींवर ड्रमचेच राज्य राहिले. ड्रमचा दोष उष्णतेत दिसतो. तापला की तो फुगतो आणि आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो. पाय जितका अधिक दाबावा तितकी पकड कमी. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेने येते, शिवाय ती उघड्यावर असल्याने वाऱ्याने निवते. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जॅग्वार सी-टाइप गाडी जिंकून आणली, तेव्हा तिच्यावर डनलॉपच्या डिस्क होत्या. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक मारता येतो, हे त्या रात्री सर्वांना दिसले. दोनच वर्षांनी सित्रोएन डीएस ही डिस्क असलेली गाडी सामान्य ग्राहकासाठी मोठ्या संख्येने बनू लागली. आपल्याकडे अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीने मात्र आयुष्याचा मोठा भाग ड्रमवरच काढला.

आता थोडे गणित, कारण त्यावाचून स्वस्त-महागाचा निवाडा होत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १४०० किलो वजनाची गाडी त्या वेगावरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकना सुमारे ७.८ लाख जूल ऊर्जा पोटात घ्यावी लागते. अडीच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी. ताशी ६० वर हीच ऊर्जा चौथाईवर येते. आणि कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना? (होय, हे नाव खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे.) कोणत्याही घाटात २०० मीटर उंची उतरली की सुमारे २७ लाख जूल सुटतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनने त्यातला वाटा उचलला नाही, तर तो सगळा भार चार डिस्कवर येतो. ही उष्णता कोठे जाते, हाच ब्रेकविषयीचा खरा प्रश्न.

म्हणून पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे इतिहासच सांगतो. डिस्क साध्या बिडाची असते. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनही मुरते. या बिडात गेल्या अर्धशतकात चमत्कार घडलेला नाही. त्यामुळे नामांकित कारखान्याची साधी, आतून वाऱ्याची पोकळी असलेली डिस्क पुरेशी आहे. भोके पाडलेल्या डिस्कचा मोह टाळावा. जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू निघे, त्याला वाट म्हणून ती भोके आली. आजच्या पॅडना त्याची गरज क्वचितच पडते, आणि स्वस्त डिस्कमध्ये त्याच भोकांपासून तडे सुरू होतात. शोभेसाठी दिलेला हा पैसा सुरक्षितता वाढवत नाही, कमी करतो.

पॅडचे तसे नाही. तेथे रसायन बदलत गेले आहे, आणि त्या बदलाला माणसांनी किंमतही दिली आहे. विसाव्या शतकाचा मोठा भाग पॅड आणि लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ते उष्णता सोसते, पण त्याची धूळ फुप्फुसे निकामी करते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, कारण हा रोग दशकानुदशके दबा धरून बसतो. निनावी खोक्यातील अतिस्वस्त पॅड हाती घेताना हे स्मरावे. गॅरेजमधला पोरगा ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवतो तेव्हा तर नक्कीच.

खोक्यावर काय पाहावे? युरोपात बदली पॅडसाठी ‘नियम ९०’ आहे : पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक वर-खाली नसावी. त्या चाचणीची खूण आणि क्रमांक खोक्यावर व पॅडच्या पाठीवर असतो. घरच्या गाडीला शर्यतीचे पॅड घेणे हा उलट्या टोकाचा वेडेपणा. ते थंड असताना धरतच नाहीत, आणि पहाटे निराला बाजारातून निघालेली गाडी पहिल्या चौकात थंडच असते.

परवडण्याची खरी किल्ली मात्र १९९१ मध्ये आहे. त्या वर्षी फोक्सवॅगनने स्कोडात भागीदारी घेतली आणि पुढे ऑक्टाव्हिया, गोल्फ, ऑडी ए३ या भावंडांना एकच सांगाडा मिळाला. परिणामी आरएसची डिस्क ही दुर्मीळ वस्तू राहिली नाही. तिच्या मापाचे भाग जगभर लाखोंनी बनतात. फ्रँकफुर्टमध्ये १९०६ साली आल्फ्रेड टेव्हेसने स्थापलेल्या आटेसारख्या पुरवठादारांचा माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात घेतला, तर गाडीच्या कंपनीच्या नावाचे पैसे वाचतात. एक सापळा तेवढा आहे. या कुटुंबात पुढच्या डिस्क २८०, २८८ आणि ३१२ मिलिमीटर अशा निरनिराळ्या व्यासांच्या आहेत. तेव्हा मॉडेलच्या नावावर विसंबू नये. डिकीतील चिकटपट्टीवरचा ब्रेकचा संकेत वाचावा, जुनी डिस्क मोजावी, मगच मागणी नोंदवावी.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क लेथवर फेस मारून पुन्हा वापरणे ही बचत नव्हे. धातू कमी म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी. एका आसावरच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड एकदमच बदलावेत. बजेट फारच तोकडे असेल तर ब्रेक ऑइलला आधी मान द्या. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटाच्या मध्यावर पॅडल एकाएकी तळाला जाते, ते बहुधा या उकळीमुळे. ही बदली डिस्कच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाची.

गंमत म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजमध्ये, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच वर्षी स्थापन झालेली, आज एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाणारी कंपनी दुचाकींसाठी डिस्क ब्रेक बनवते. देशातील असंख्य मोटारसायकली या शहराच्या भरवशावर थांबतात. शेंद्र्यातून निघालेल्या जुन्या आरएसचा मालक मात्र परगावाहून येणाऱ्या पार्सलची वाट पाहत असतो, आणि ते आले की व्हर्निअर हाती घेऊन प्रथम जाडी मोजतो.