पिकअपच्या हौद्याचे लाकडी आच्छादन

पिकअपच्या हौद्याचे लाकडी आच्छादन म्हणजे लहान मालवाहू मोटारीच्या उघड्या हौद्यावर बसवण्यासाठी फळ्या किंवा प्लायवूडपासून तयार केलेले झाकण अथवा पेटीवजा छत होय. पाऊस, धूळ आणि चोरी यांपासून मालाचे रक्षण करणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. ताडपत्रीपेक्षा ते जड व महाग पडते, पण त्याला कुलूप लावता येते आणि ते वाऱ्याने फडफडत नाही. फायबर किंवा ॲल्युमिनियमची तयार आच्छादने कारखान्यात बनतात. लाकडी आच्छादन मात्र गावातील सुतार किंवा वाहनमालक स्वतः बनवू शकतो.

संज्ञा

मालवाहू गाडीच्या माल भरण्याच्या भागास मराठीत 'हौदा' व त्याच्या उघडझाप होणाऱ्या कडेस 'फाळका' म्हणतात. आच्छादनाचे दोन प्रकार पडतात. फाळक्याच्या उंचीलाच बसणारे ते सपाट झाकण. फाळक्यांच्या वर भिंती उभारून त्यांवर छत टाकलेली ती पेटी. सपाट झाकणाला अमेरिकेत 'टोनो कव्हर' म्हणतात. 'टोनो' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ पिंप असा आहे.

पार्श्वभूमी

भारतात मालमोटारींच्या हौद्यासाठी लाकडी फळ्यांचा वापर जुना आहे. कारखान्यातून केबिन व सांगाडा घेऊन हौदा वेगळ्या कार्यशाळेत बांधून घेण्याची पद्धत मोठ्या गाड्यांमध्ये रूढ होती. तमिळनाडूतील नामक्कल हे त्या व्यवसायाचे प्रसिद्ध केंद्र आहे. लहान गाड्यांचे चित्र २००५ साली टाटा एस बाजारात आल्यानंतर बदलले. 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचा हौदा पत्र्याचा व कारखान्यातूनच तयार होऊन येतो. त्यामुळे सुतारकामाला वाव उरला तो मुख्यतः हौद्याच्या वरच्या भागात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गडहिंग्लज येथील बाजारपेठ गूळ आणि मिरचीसाठी ओळखली जाते. हे दोन्ही पदार्थ ओलाव्याने लवकर बिघडतात. गडहिंग्लजपासून आजऱ्यामार्गे कोकणात उतरणारा रस्ता सुमारे ५५ किमीवर आंबोलीला पोहोचतो. आंबोलीचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७,००० मिमीपेक्षा अधिक आहे, तर गडहिंग्लजच्या पूर्वेचा प्रदेश तुलनेने कोरडा आहे. कोरड्या हवेत भरलेला माल दोन तासांच्या आत मुसळधार पावसात सापडू शकतो. गूळ व मिरचीच्या हंगामाच्या अखेरीस येणारा वळवाचा पाऊस तर पूर्वसूचना न देताच कोसळतो, आणि ताडपत्री सोडून पसरेपर्यंत माल भिजलेला असतो.

मालानुसार निवड

कोणते आच्छादन हवे हे गाडीपेक्षा मालावर ठरते. सुमारे ७ फूट लांब, ५ फूट रुंद आणि फूटभर खोल हौद्यात साधारण १ घनमीटर जागा असते. गुळाचा पारंपरिक रवा ३० किलोचा असतो. पाऊण टन क्षमतेच्या गाडीत असे २५ रवे भरले तरी ते फाळक्याच्या काठाखाली मावतात. गुळासाठी सपाट झाकण पुरेसे ठरते ते यामुळे. वाळलेली मिरची हलकी व फुगीर असते. तिची पोती वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच फाळक्यांच्या वर जातात, म्हणून तिला पेटी किंवा ताडपत्रीच लागते. एकच झाकण दोन्ही मालांसाठी वापरण्याचा आग्रह धरल्यास मिरचीच्या फेऱ्या वाढतात.

गुळातील ग्लुकोज व फ्रुक्टोज हवेतील बाष्प शोषून घेतात, त्यामुळे थेट पाणी न लागताही दमट हवेत त्याला पाझर सुटतो. ओलसर मिरचीवर बुरशी वाढते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार करतात व असा माल खाण्यास अयोग्य ठरतो. पाणी रोखणे आणि हवा खेळती ठेवणे या दोन्ही गरजा एकाच आच्छादनाने भागवाव्या लागतात. पत्र्याच्या छताखाली रात्रीच्या थंडाव्यात दव साचून थेंब मालावर पडतात. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने व थोडा ओलावा स्वतः शोषत असल्याने हा त्रास कमी होतो. तरीही मागील बाजूस, वरून पत्र्याची पट्टी झुकवून पावसापासून झाकलेली हवेची फट ठेवणे आवश्यक असते.

साहित्य व बांधणी

सागवान टिकाऊ असून ओलाव्याने कमी आकुंचन-प्रसरण पावते, परंतु महाग असते. म्हणून चौकट सागाची व पृष्ठभाग प्लायवूडचा ही विभागणी सोयीची ठरते. प्लायवूड पाण्यास टिकणारे, शक्यतो भारतीय मानक ७१० नुसार बनवलेले सागरी प्रतीचे असावे. चांगल्या प्लायवूडचीही कड पाणी पिते. कापलेल्या कडा रंगाने बंद न केल्यास थर तेथूनच सुटू लागतात. फळ्या वापरल्यास त्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकू नयेत. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत मात्र फुगते, आणि जागा न मिळाल्यास फळी वाकते. फळ्यांमध्ये २ ते ३ मिमी फट ठेवून ती खालून पट्टीने झाकली जाते.

वजनाचा हिशेब आधी करणे इष्ट असते. वर दिलेल्या मापाच्या हौद्यावर १२ मिमी जाडीच्या प्लायवूडचे वजन सुमारे २७ किलो भरते. ५ सेंमी चौरस छेदाचे सागाचे दांडे मीटरला दीड किलोहून थोडे अधिक असतात. चौकट व आडव्या दांड्यांसाठी असे १४ मीटर लाकूड धरल्यास एकूण वजन ५० किलोच्या घरात जाते. पाऊण टन क्षमतेच्या गाडीत हे जवळजवळ दोन रव्यांइतके आहे, आणि ते प्रत्येक फेरीला वाहावे लागते.

झाकणाला मागे हलका उतार दिला जातो, म्हणजे गाडी उभी असतानाही पाणी साचत नाही. बिजागऱ्या केबिनच्या बाजूस लावाव्यात. झाकण चुकून सुटल्यास समोरचा वारा त्याला खाली दाबतो. बिजागऱ्या मागे असल्यास तोच वारा ते उलटून टाकतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे गावात घट्ट वाटणारी कडी महामार्गावर निसटू शकते. लाकडात नुसते स्क्रू न मारता आरपार बोल्ट, रुंद वॉशर आणि सैल न होणारे नट वापरणे सुरक्षित ठरते. झाकण व फाळका यांच्यामध्ये रबराची पट्टी बसवतात. उंच पेटीमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. आंबोलीसारख्या घाटातील वळणांवर याचा परिणाम चालकाला जाणवतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात याच अर्थाचा निर्वाळा दिला. प्रमाणपत्रात रिकाम्या गाडीचे वजन व बॉडीचा प्रकार नोंदलेला असतो, आणि वेल्डिंग करून कायम बसवलेल्या पेटीमुळे या दोन्ही नोंदींना बाधा येते. अशा कामापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट असते. गडहिंग्लज तालुका कोल्हापूरच्या 'एमएच ०९' या नोंदणी क्षेत्रात मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. आच्छादनाचे वजन मालाच्या अनुज्ञेय वजनातून वजा धरावे लागते, कारण गाडीची नोंदणीकृत एकूण वजनमर्यादा त्याने वाढत नाही. मागील दिवे व क्रमांकपट्टी झाकली जाणार नाही, हेही पाहावे लागते.

देखभाल

नव्या लाकडाला जवसाचे तेल किंवा प्रायमर व ऑइल पेंट देतात. आतील बाजू रंगवायची राहून गेल्यास फळी एका अंगाने ओलावा घेते आणि पन्हाळीसारखी वळते. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावे लागतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर लाकूड दबून बोल्ट ढिले पडतात, तेव्हा ते पुन्हा आवळले जातात. दरवर्षी मृगापूर्वी कडा, सांधे आणि रबराची पट्टी तपासून रंगाचा एक हात दिला जातो. गुळाची वाहतूक करणाऱ्या गाडीत झाकणाच्या खालच्या अंगाला व सांध्यांत चिकटलेला पाझर मुंग्यांना ओढतो, म्हणून आतील भाग कोमट पाण्याने पुसून उन्हात उघडा ठेवतात.