नाशिक जिल्हा आणि जागतिक सत्तास्पर्धा

महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याचा जागतिक सत्तास्पर्धेशी संबंध प्रामुख्याने तीन ठिकाणी दिसून येतो : देवळालीची लष्करी छावणी, ओझर येथील विमान कारखाना आणि जिल्ह्यातून परदेशी जाणारा शेतमाल. दोन महायुद्धे, शीतयुद्ध आणि एकविसाव्या शतकातील अमेरिका, रशिया व चीन यांच्यातील स्पर्धा या प्रत्येक टप्प्याचे परिणाम जिल्ह्यातील उद्योग, रोजगार व शेतीवर झाले आहेत. त्यामुळे तिसऱ्या महायुद्धाच्या शक्यतेविषयीची चर्चा नाशिकच्या संदर्भात केवळ सैद्धांतिक राहत नाही. महायुद्ध प्रत्यक्षात न होताही महासत्तांमधील तणावाची किंमत कशी मोजावी लागते, याचे हा जिल्हा एक उदाहरण आहे.

ब्रिटिश काळ व दोन महायुद्धे

देवळाली येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी लष्करी छावणी उभारली. मुंबई बंदर व रेल्वेमार्ग जवळ असल्याने इंग्लंडहून येणाऱ्या आणि तेथे परतणाऱ्या सैनिकांचा मुक्काम येथे पडत असे. सेवेची मुदत संपलेल्या सैनिकांना जहाजाची वाट पाहत काही वेळा महिनोन्‌महिने येथे राहावे लागे. उष्मा, आजार व रिकामपण यांमुळे अनेकांचे मानसिक स्वास्थ्य बिघडत असे. इंग्रजी बोलीतील ‘डूलॅली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द देवळालीच्या नावावरून रूढ झाला.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी रणभूमीवर गेले, तर दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांपर्यंत पोहोचली. या दोन्ही युद्धांत भारत सहभागी झाला तो ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून. युद्धात उतरण्याचा निर्णय भारतीयांच्या हाती नव्हता. दोन महायुद्धांच्या दरम्यान, १९३७ मध्ये, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी नाशिक येथे भोसला सैनिकी शाळा सुरू केली. तत्पूर्वी १९३१ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी इटलीतील लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या होत्या व मुसोलिनी यांची भेट घेतली होती.

शीतयुद्ध आणि ओझरचा कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर जग अमेरिका व सोव्हिएत युनियन यांच्या नेतृत्वाखालील दोन गटांत विभागले गेले. भारताने अलिप्ततावादाचे धोरण स्वीकारले. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ ही स्वनातीत लढाऊ विमाने दिल्यानंतर भारताला तुल्यबळ विमानाची गरज भासू लागली. सोव्हिएत युनियनने मिग-२१ विमानांबरोबरच त्यांच्या परवाना-उत्पादनाचे तंत्रज्ञानही देऊ केले आणि १९६२ मध्ये त्यासंबंधीचा करार झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन संकटे एकाच वेळी उद्भवली. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत युनियन अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर पोहोचले, तर २० ऑक्टोबर रोजी चीनने भारताच्या सीमेवर हल्ला केला. या युद्धातील पराभवानंतर यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये ते नाशिक लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले.

मिग विमानांच्या निर्मितीची विभागणी तीन ठिकाणी करण्यात आली : विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी नाशिकजवळील ओझर येथे, इंजिने ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा (एचएएल) नाशिक विभाग १९६४ मध्ये स्थापन झाला. कारखान्याभोवती वसाहत, शाळा व पूरक लघुउद्योग उभे राहिले. हा परिसर आजही ‘ओझर मिग’ या नावाने ओळखला जातो.

येथे मिग-२१ च्या विविध आवृत्त्या आणि पुढे मिग-२७ या विमानांचे उत्पादन झाले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारत व सोव्हिएत युनियन यांच्यात मैत्री करार झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या बांगलादेश मुक्तियुद्धात मिग-२१ विमानांचा वापर करण्यात आला. त्या युद्धाच्या वेळी अमेरिकेने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली होती.

शीतयुद्धोत्तर काळ

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनचे विघटन झाले. विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या स्वतंत्र देशांत विभागले गेल्याने भारतासमोर पुरवठ्याची अडचण निर्माण झाली. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्यातील धोका यातून स्पष्ट झाला. १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा तेजस या भारतीय लढाऊ विमानाच्या विकासात सहभागी असलेल्या अमेरिकी कंपन्यांचे सहकार्य थांबले. अवलंबित्वाचा हा धोका केवळ रशियापुरता मर्यादित नव्हता.

२००० मध्ये रशियाशी झालेल्या करारानुसार ओझर येथे सुखोई-३० एमकेआय विमानांचे परवाना-उत्पादन सुरू झाले. मूळ रशियन रचनेच्या या विमानात फ्रेंच, इस्रायली व भारतीय उपकरणेही बसवण्यात आली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्यासाठी सुखोई विमानात आवश्यक ते बदलही नाशिक येथेच करण्यात आले. असे विमान क्षेपणास्त्रासह जून २०१६ मध्ये प्रथमच आकाशात झेपावले.

तोफखान्यातही असेच स्थित्यंतर घडले. देवळाली हे भारतीय तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. पूर्वी येथे सोव्हिएत बनावटीच्या आणि पुढे स्वीडनच्या बोफोर्स तोफांवर प्रशिक्षण दिले जात असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळाली येथील समारंभात अमेरिकेकडून घेतलेल्या एम-७७७ तोफा आणि दक्षिण कोरियाच्या तंत्रज्ञानावर आधारित के-९ वज्र तोफा सैन्यात दाखल झाल्या.

युक्रेन युद्धानंतरची परिस्थिती

स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेच्या (सिप्री) आकडेवारीनुसार भारताच्या शस्त्र-आयातीतील रशियाचा वाटा २०१०–१४ मध्ये ७२ टक्के होता. २०२०–२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर रशियन उद्योग स्वतःच्या सैन्याची गरज भागवण्यात गुंतले. पाश्चात्त्य निर्बंधांमुळे रशियाशी होणारे आर्थिक व्यवहारही गुंतागुंतीचे झाले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानाला हवाई दलातून निरोप देण्यात आला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, ओझर येथे तेजस एमके-१ए विमानाच्या तिसऱ्या उत्पादन शृंखलेचे उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले. तिची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. तेजसची रचना भारतीय असली तरी त्याचे एफ-४०४ हे इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. २०२१ मध्ये मागणी नोंदवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. या विलंबामुळे विमानांचे वितरण लांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देत भारतीय मालावर अतिरिक्त २५ टक्के आयातशुल्क लावले. एका महासत्तेशी असलेल्या व्यापारामुळे दुसरीशी मतभेद होण्याचा हा प्रसंग होता आणि ओझरच्या कारखान्यात या दोन्ही देशांच्या तंत्रज्ञानावर काम चालते.

शेतमालाची निर्यात

नाशिक जिल्हा द्राक्ष व कांदा उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. येथील द्राक्षे नेदरलँड्स, ब्रिटन, रशिया आदी देशांत निर्यात होतात. युरोपकडे जाणारी जहाजे सामान्यतः तांबडा समुद्र व सुएझ कालवा या मार्गाने जातात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुती बंडखोरांनी या मार्गावरील जहाजांवर हल्ले सुरू केल्यानंतर अनेक जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागली. प्रवासाचा कालावधी सुमारे दोन आठवड्यांनी वाढला व वाहतूक खर्चातही मोठी वाढ झाली. द्राक्ष हा नाशवंत माल असल्याने या विलंबाचा परिणाम मालाची प्रत, टिकाऊपणा आणि शेतकऱ्याला मिळणारा दर या तिन्हींवर होतो. युक्रेन युद्धाच्या सुरुवातीच्या काळात रासायनिक खतांच्या आंतरराष्ट्रीय किमतीही वाढल्या होत्या. रशिया व बेलारूस हे पोटॅशचे मोठे निर्यातदार आहेत.

तिसऱ्या महायुद्धाच्या शक्यतेविषयीची मते

महायुद्धाच्या शक्यतेबाबत अभ्यासकांमध्ये एकमत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहम ॲलिसन यांनी गेल्या पाचशे वर्षांतील अशी १६ उदाहरणे अभ्यासली, ज्यांत उदयोन्मुख सत्तेने प्रस्थापित सत्तेला आव्हान दिले. त्यांपैकी १२ प्रसंगांची परिणती युद्धात झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अमेरिका व चीन यांच्यातील स्पर्धेला त्यांनी हाच निकष लावला. मात्र युद्ध अटळ नसल्याचेही ते सांगतात. उदाहरणांच्या निवडीवरून या मांडणीवर टीकाही झाली आहे.

याउलट केनेथ वॉल्ट्झ यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते अण्वस्त्रांच्या परस्पर धाकामुळे महासत्तांमध्ये थेट युद्ध होण्याची शक्यता कमी होते. १९४५ नंतर असे सर्वंकष युद्ध झालेले नाही, हा या मताचा मुख्य आधार होय. टीकाकार मात्र अपघात, गैरसमज व चुकीचे अंदाज यांकडे लक्ष वेधतात. १९६२ चा क्यूबा पेचप्रसंग हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

परस्परांत गुंतलेल्या व्यापारामुळे युद्ध तोट्याचे ठरते, असे नॉर्मन एंजेल यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच प्रतिपादन केले होते. तरीही १९१४ मध्ये युद्धाचा भडका उडाला. सिप्रीच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात सुमारे १२,२४१ अण्वस्त्रे होती व त्यांपैकी जवळपास ९० टक्के रशिया आणि अमेरिकेकडे होती. अणुशास्त्रज्ञांच्या ‘बुलेटिन’ या नियतकालिकाने त्याच महिन्यात आपले प्रतीकात्मक ‘प्रलय घड्याळ’ मध्यरात्रीपूर्वी ८९ सेकंदांवर आणले.

स्थानिक महत्त्व

संरक्षण उत्पादनामुळे नाशिक जिल्ह्याला कुशल रोजगार व औद्योगिक पाया मिळाला. त्याचबरोबर विमान कारखाना व तोफखाना केंद्र यांमुळे युद्धकाळात जिल्ह्याचे सामरिक महत्त्वही वाढते. शस्त्रनिर्मितीतील तेजीचा लाभ आणि सागरी व्यापार विस्कळीत झाल्याचा फटका हे दोन्ही परस्परविरोधी परिणाम येथे एकाच वेळी अनुभवास येतात. संरक्षण क्षेत्रातील स्वावलंबनाच्या दृष्टीने विमानाच्या जुळणीपेक्षा इंजिनाचे तंत्रज्ञान हा अधिक कठीण टप्पा मानला जातो. तेजससाठी सुरू केलेला कावेरी हा भारतीय इंजिन प्रकल्प आवश्यक तेवढी शक्ती निर्माण करू शकला नाही. त्यामुळे ओझर येथील उत्पादनाची गती काही प्रमाणात परदेशी पुरवठ्यावरच अवलंबून आहे.